‘बघू’चं ‘करतो’ होतं तेव्हा

मीटिंग ऐकून आपोआप टिपणं काढणाऱ्या एआय साधनांबद्दल बरीच पत्रं साचली होती. ‘सगळ्यात चांगलं कोणतं, नाव सांगा’ हा बहुतेकांचा सूर. एकच नाव सांगण्यासारखी परिस्थिती नाही, पण निवडायचं कसं हे सांगता येईल.

प्रश्न: आमच्या टीममध्ये एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी चालतं. सगळी साधनं ‘मराठी चालतं’ म्हणतात. विश्वास ठेवावा का?

अर्धाच ठेवा. ‘मराठी चालतं’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की भाषांच्या यादीत मराठीचं नाव आहे. उदाहरणच घ्यायचं तर, ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे आवाज उतरवून घेणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर तयार झालं होतं, आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश आवाज इंग्रजी होता. उरलेल्यात शंभराच्या आसपास भाषांची दाटी. त्यात मराठीच्या वाट्याला कितीसं येणार?

भेसळीच्या बोलण्यात दुसरीच गंमत होते. भाषा सांगितली नाही, तर व्हिस्परची मूळ आवृत्ती पहिली ३० सेकंद ऐकून भाषा ठरवते आणि पुढे तीच धरून बसते. आता आपल्या मीटिंगची पहिली ३० सेकंदं आठवा: ‘गुड मॉर्निंग, कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?’ झालं. पुढचं पाऊण तासाचं मराठी इंग्रजी समजून ऐकलं जातं आणि हाती येतं ते धड भाषांतरही नसतं, धड टिपणही नसतं. म्हणून भाषा स्वतः ठरवून देता येते का आणि मध्येच भाषा बदलली तर साधन काय करतं, हे आधी तपासा.

तपासायचं कसं? आपल्याच टीमच्या सगळ्यात गोंगाटी मीटिंगमधली १० मिनिटं, सगळ्यांना विचारून, रेकॉर्ड करा. ती ऐकून स्वतः हाताने उतरवा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. मग तीच फाइल दोन-तीन साधनांना द्या. सारांश उघडूच नका, तो नेहमीच गुळगुळीत दिसतो. शब्दशः उतारा उघडा आणि नावं, आकडे, नकार आणि कोण काय बोललं, एवढंच मोजा.

आकड्यांत मराठीची खास गोची आहे. ‘पावणेतीन लाख’मधलं ‘पावणे’ गळलं की तीन लाख उरतात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत माणसंही फोनवर चुकतात. नकाराचं तर विचारूच नका. ‘हे आपण करायचं नाही का?’ असं तुम्ही विचारता. शेवटचा ‘का’ हळू उच्चारला गेला, साधनाला ऐकू आला नाही, आणि टिपणात येतं ‘हे आपण करायचं नाही’. एक अक्षर गेलं आणि प्रस्ताव बारगळला. कंपन्या शंभर शब्दांत किती चुकले ते अभिमानाने सांगतात. पाच चुकले म्हणजे उत्तमच, पण त्या पाचांत हा ‘का’ आहे की नाही ते त्या आकड्यातून कळत नाही.

प्रश्न: मी मीटिंगमध्ये ‘बघू या पुढच्या आठवड्यात’ म्हणाले. सारांशात आलं ‘पुढच्या आठवड्यात पूर्ण करणार’ आणि पुढे माझं नाव. साहेबांनी तेच धरलंय. साधन बदलावं का?

साधन बदलून हा प्रश्न सुटणार नाही. इथे दोन वेगळी कामं होतात. आधी आवाजाचे शब्द होतात, मग दुसरं मॉडेल त्या शब्दांचा सारांश करतं. त्या दुसऱ्यासमोर ‘कोण, काय, कधीपर्यंत’ असा तक्ता असतो आणि रकाना रिकामा ठेवणं त्याच्या जिवावर येतं. आपलं ‘बघू’ म्हणजे सभ्यपणे टाळलेलं ‘नाही’ असू शकतं, हे त्याला उमजेलच असं नाही. तसंच ‘हो, हो’चं. समोरचा बोलत असताना आपण नुसता हुंकार देतो, तिथे ‘सहमती दर्शवली’ अशी नोंद पडते.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. शेवटची दोन मिनिटं राखून एकाने मोठ्याने म्हणायचं: ‘ठरलं ते असं. अमुक काम अमुक व्यक्ती अमुक तारखेला देणार. अमुक विषय ठरलेला नाही.’ हे ‘ठरलेला नाही’ तोंडाने म्हणणं महत्त्वाचं. शिवाय आपोआप मेल जाण्याची सोय बंद करा. मीटिंगला हजर असलेल्या कुणीतरी वाचल्याशिवाय सारांश कुठेही जाता कामा नये. साधन निवडायचंच झालं तर सारांशातल्या ओळीवर क्लिक केल्यावर मूळ आवाजातल्या त्याच जागी नेणारं घ्या.

आणि साहेबांना ‘एआय चुकलं’ एवढंच सांगू नका, ती सबब वाटते. उताऱ्यातलं तुमचं मूळ वाक्य वेळेसकट पाठवा.

प्रश्न: ऑनलाइन मीटिंगमध्ये टिपणांचा बॉट (सहभागी म्हणून आत शिरणारं साधन) दिसला की ग्राहक एकदम जपून बोलायला लागतात. सहकारी म्हणतो, मीटिंगमध्ये न शिरता आपल्याच लॅपटॉपवरचा आवाज ऐकणारं साधन घेऊ. चालेल?

ग्रॅनोलासारखी साधनं अशी चालतात, आणि टिपणं छान काढतात. पण बॉट दिसत असतो तेव्हा रेकॉर्डिंग चालू आहे हे समोरच्याला निदान कळतं. दिसेनासा झाला की सांगायची जबाबदारी सगळी तुमच्यावर. कायदे जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते. माझं मत विचाराल तर कायदा काहीही असो, विचारायचंच. ‘टिपणांसाठी एआय लावतोय, नको असेल तर बंद करतो’ एवढं म्हणायचं आणि नको म्हटलं तर खरंच बंद करायचं.

उघड बॉटही निरुपद्रवी नसतो, हे मी स्वतः अनुभवलंय. एका बैठकीत पाहुणे निरोप घेऊन गेले, आम्ही तिथेच बोलत बसलो, बॉटही बसून राहिला. संध्याकाळी सारांश आमंत्रणातल्या सगळ्यांना गेला, पाहुण्यांनाही. त्यात ठळक अक्षरांत मुद्दा होता: ‘त्यांना दरात अजून खाली आणता येईल.’ तेव्हापासून पाहुणे उठले की मी आधी बॉटला उठवतो.

प्रश्न: फुकटची आवृत्ती पुरेल का?

आठवड्याला दोन मीटिंगा असतील तर बहुधा पुरेल. मात्र मिनिटांच्या मर्यादेआधी जुनी टिपणं किती दिवस उघडतात आणि ती बाहेर काढून घेता येतात का, ते पाहा. ऑफिसने झूम, टीम्स किंवा गूगल मीटचे पैसे आधीच भरलेले असतील तर टिपणांची सोय आतच असू शकते. आयटीवाल्यांना विचारा, नवीन काही घेण्याची गरजच पडणार नाही कदाचित.

प्रश्न: मी एचआरमध्ये आहे. मुलाखती आणि तक्रारींच्या सुनावण्या यांना हे वापरावं का?

मुलाखतीला, उमेदवाराला विचारून, ठीक. तक्रारीच्या सुनावणीला नको. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉर्नेल आणि इतर विद्यापीठांच्या संशोधकांना असं आढळलं, की व्हिस्परने सुमारे १ टक्का ध्वनिफितींत कुणी न बोललेली वाक्यं घातली होती. त्यांतली ३८ टक्के घातक होती: हिंसेचे उल्लेख, खोटे संबंध, असलं काही. बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त घडत होतं. आणि तक्रार सांगणारा माणूस अडखळतो, थांबतो, गप्प होतो. त्या शांततेत यंत्राने वाक्य भरावं, हे परवडणारं नाही.

इतर कामांसाठी घ्याल तेव्हा आवाज कुठे साठतो, किती दिवसांनी पुसला जातो आणि तो मॉडेल शिकवायला वापरतात का, हे लेखी मागा. एसओसी २ किंवा आयएसओ २७००१ ही प्रमाणपत्रं सुरक्षेच्या शिस्तीबद्दल बोलतात, या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारातच सापडतं. व्हिस्पर आपल्याच संगणकावर चालवलं तर आवाज बाहेर जात नाही, पण वाक्यं रचण्याची खोड तिथेही असते. बोलणाऱ्याच्या भावना ओळखून गुण देणारी सोय असेल तर ती पहिल्यांदा बंद करा. कामाच्या ठिकाणी भावना ओळखायला एआय वापरण्यावर युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून.

प्रश्न: आम्ही सहाजण एका टेबलाभोवती बसतो, लॅपटॉप एक. टिपणात सगळेच ‘वक्ता १’!

ऑनलाइन मीटिंगमध्ये ज्याचा त्याचा आवाज वेगळा येतो, म्हणून नावं जुळतात. तुमच्याकडे सहा आवाज एकाच माइकमध्ये शिरतात आणि साधन नुसत्या आवाजाच्या पोतावरून अंदाज बांधतं. टेबलाच्या मधोमध एक बरा माइक ठेवा, सुरुवातीला प्रत्येकाने नाव सांगून एक पूर्ण वाक्य बोला, एकावर एक बोलणं टाळा. आणि ज्या लॅपटॉपचा माइक वापरताय त्यावरच टाइप करत बसू नका. टकटक त्याला तुमच्यापेक्षा जवळून ऐकू येते.