‘चिपिंग’ म्हणजे ढलपे नव्हेत, बाजार!

प्रश्न: इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्डन या गावाच्या नावातलं ‘चिपिंग’ लाकूडकामावरून आलं का? तिथलं चिपनहॅम हे शहरही त्यातलंच का?

उत्तर: लाकडाचा काडीचाही संबंध नाही. प्रवासाच्या व्हिडिओंत कुणी ‘ढलप्यांचं गाव’ म्हणतं, कुणी ‘स्वस्त गाव’. ऐकून ऐकून कान किटले. लाकूडकामासारख्या हस्तकलांचे पुरस्कर्ते सी. आर. अ‍ॅशबी लंडनमधून आपले कारागीर घेऊन तिथे आले ते १९०२ साली. गावाचं नाव त्याच्या कितीतरी शतकं आधीचं.

‘चिपिंग’ म्हणजे बाजार. चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी, चिपिंग ऑंगर ही सगळी बाजाराची गावं. कॅम्डनच्या शेजारीच ब्रॉड कॅम्डन आहे, तेव्हा अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार वेगळे ओळखू येतात तशीच ही सोय. गावात गेलात तर पुरावा समोर दिसतो. हाय स्ट्रीट मध्यावर ऐसपैस रुंदावतो आणि तिथेच १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी बांधलेला बाजारमंडप उभा आहे. चहूबाजूंनी दगडी कमानी, वर लाकडी छत, खाली झिजून उंचसखल झालेली फरसबंदी. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पावसात आडोसा मिळावा म्हणून तो बांधला. खरा पैसा मात्र लोकरीचा. १४०१ साली वारलेला विल्यम ग्रेव्हल इथलाच. चर्चमधल्या त्याच्या पितळी पाटीवर ‘साऱ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांतलं फूल’ असं लॅटिनमध्ये कोरलंय.

आता गंमत पाहा. ‘चिपिंग’च्याच घरातलं इंग्रजी ‘चीप’ हे मुळात नाम, अर्थ सौदा. ‘गुड चीप’ म्हणजे चांगला सौदा. त्यातलं ‘गुड’ गळालं आणि ‘चीप’ स्वस्त झालं. लंडनचं चीपसाइड हीसुद्धा एकेकाळची बाजारपेठच. सौदे करणारा तो ‘चॅपमन’. त्याचं आखूड रूप ‘चॅप’. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ होता गिऱ्हाईक, पुढे झाला नुसता ‘माणूस’. आपणही तिरसट माणसाला ‘अवघड गिऱ्हाईक आहे’ म्हणतोच की! मराठी माणसाला हा अर्थाचा प्रवास समजावून सांगावा लागू नये.

या सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘काउपो’, म्हणजे किरकोळ दुकानदार, दारूविक्या. जर्मन ‘काउफेन’ (विकत घेणे), कोपनहेगनमधलं ‘कोपन’, फिनिश भाषेत दुकानाला म्हणतात ते ‘काउप्पा’, सगळी एकाच घरची. काही विद्वान हा शब्द अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डॅनिश या भाषांच्या कुळातलाच, ठरवायला धडपडतात. त्यांनी रोमन इतिहासकार टॅसिटस पुन्हा वाचावा. ऱ्हाइनकाठचे जर्मन द्राक्षाची दारू विकत घेतात, असं त्याने पहिल्या शतकाअखेरीस स्वच्छ लिहून ठेवलंय. माल रोमन आणि विकणाराही रोमन, मग खरेदीचा शब्द तेवढा घरचा कसा? नदी ओलांडून बुधल्यांबरोबर शब्दही आला, असं मी ठामपणे मानतो.

राहिलं चिपनहॅम. ते बाजारावरून नाही. चिप्पा नावाच्या कुणा माणसाची नदीकाठची जागा, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. आणि कॅम्डनच्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Campden) ‘प’ लिहितात, उच्चारत नाहीत.