तेरियाकी राइस: पहिल्यांदा करणाऱ्यासाठी

अरे, तेरियाकी राइस, म्हणजे जपानी तेरियाकी सॉसमधल्या चिकनचा परतलेला भात, केलास आणि तो गिचका झाला म्हणतोस, त्यात सॉसचा दोष नाही. तू कुकरमधला गरम भात टाकलास. आपण फोडणीचा भात कशाचा करतो? आदल्या रात्रीच्या. इथेही तोच हवा. थंड झाला की दाणा घट्ट होतो आणि मोकळा परततो. फक्त इंदूरच्या मे महिन्यात तो रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये.

जपानीत ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. चकाकी नसेल तर ते नुसतं सोया चिकन. मूळ सॉसमध्ये सोया सॉस, साखर, साके ही तांदळाची जपानी दारू आणि मिरिन ही गोडसर राइस वाइन असते. त्यासाठी इंदूरचा सियागंज बाजार पालथा घालायची गरज नाही. पाव किलो बोनलेस चिकनला 3 मोठे चमचे सोया, 2 साखर, 1 व्हिनेगर, थोडं पाणी, किसलेलं आलं. मांडीचं चिकन घे, छातीचं कोरडं पडतं. मीठ अजिबात नको, सोयात भरपूर असतं.

चिकन तेलावर पूर्ण शिजलं की मगच सॉस. आधी ओतलास तर साखर करपते आणि कढई घासत बसावं लागतं (बसलोय मी). सॉस आटून चिकनला चिकटला की काढून ठेव. त्याच कढईत मोठ्या आचेवर भात परत, दोघांपुरताच, मग चिकन मिसळ. वर पातीचा कांदा, भाजलेले तीळ.

शेव भुरभुरायची असेल तर भुरभुर. इंदूरचा आहेस, मी कोण अडवणारा?