एकशिंगी घोड्याच्या कथा मोठ्या माणसाने वाचाव्यात का?

आपण विचारले आहे की, ‘युनिकॉर्न म्हणजे लहान मुलींच्या दप्तरावरचे चित्र, त्याच्यावरचा अख्खा कथासंग्रह चाळिशी उलटलेल्या वाचकाने हाती घ्यावा का?’ माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र सगळ्याच कथा वाचण्याचा आग्रह धरू नये.

जॅक डॅन आणि गार्डनर दोझ्वा यांनी संपादित केलेला, १९८२ साली निघालेला एक इंग्रजी संग्रह मला ठाण्यात रद्दीवाल्याकडे मिळाला. नोकरी तुर्भ्याला असल्यामुळे मी तो ट्रान्स-हार्बरच्या गाडीतच, जाता-येता वाचून काढला. पहिले दोन दिवस मी मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते, हे मान्य करायला हरकत नाही. माझ्या भाचीच्या दप्तरावर, डब्यावर आणि पाण्याच्या बाटलीवर तोच गुलाबी आयाळीचा प्राणी आहे, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहावे अशी माझी इच्छा नव्हती.

वाचता वाचता मला एक गोष्ट जाणवली. ज्या कथांतल्या पात्रांना समोरचा प्राणी कोण आहे हे कळत नाही, त्याच कथा मनात राहतात. लॅरी निव्हन यांच्या कथेत भविष्यकाळातला एक माणूस कालयंत्रातून भूतकाळात घोडा आणायला जातो. त्याच्या काळात घोडे कधीच नामशेष झालेले आहेत आणि ओळख पटवायला जवळ आहे ते फक्त लहान मुलांचे एक चित्रांचे पुस्तक. त्यामुळे तो शिंग असलेल्या प्राण्यालाच घोडा समजून घेऊन येतो. कथा विनोदी आहे, पण पुस्तकी ज्ञानावर विसंबून जग तपासायला निघालेल्या माणसाची फजिती मला तरी फार परकी वाटली नाही.

उर्सुला ले ग्विन यांची ‘द व्हाइट डाँकी’ ही कथा मात्र वेगळ्याच उंचीवरची आहे. तिची नायिका सीता नावाची, शेळ्या राखणारी मुलगी आहे. जंगलातल्या जुन्या दगडी अवशेषांपाशी, जिथे साप असतात पण गवतही हिरवेगार असते, तिथे तिला एक पांढरे गाढव दिसते. त्याच्या कपाळावर काहीतरी आहे हे पाहून तिला प्रथम वाटते की, हा शंकरासारखा तिसरा डोळा असावा, म्हणजे हे गाढव कुणा देवाचे असणार. ते वळते तेव्हा तिला कळते की, तो डोळा नसून सरळ शिंग आहे. युनिकॉर्न हा शब्द तिला माहीत नाही आणि लेखिकाही तो उच्चारत नाही. पुढे घरच्यांनी तिचे लग्न ठरवले आहे, एवढेच घडते. कुमारिकेजवळच हा प्राणी येतो, हा युरोपातला जुना संकेत वाचकाला ठाऊक असतो आणि सीतेला नसतो. म्हणून तिने त्या गाढवाचा घेतलेला निरोप तिच्यापेक्षा आपल्याला अधिक लागतो.

इथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते गाढव आपल्याकडे उगाच आलेले नाही. इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास भारताचे वर्णन लिहिले, तेव्हा त्यात पांढऱ्या अंगाची, लाल डोक्याची, हातभर लांब शिंगाची रानगाढवे होती, आणि त्या शिंगातून पाणी प्यायल्यास विष बाधत नाही असेही त्याने नोंदवले. तो स्वतः इकडे कधी आला नव्हता. ऐकीव गेंड्याचीच ही गाढवे झाली असावीत, असे मानले जाते. दुसरे उदाहरण ऋष्यशृंगाचे. मृगीच्या पोटी जन्मलेल्या, डोक्यावर शिंग असलेल्या या तपस्व्याला अंगदेशात पाऊस पाडण्यासाठी गणिकांनी भुलवून नेले. त्याने स्त्री कधी पाहिलीच नव्हती, म्हणून आश्रमात आलेल्या गणिकेला तो दुसरा एखादा ब्रह्मचारीच समजला. म्हणजे इथे न ओळखणारा शिंगवालाच आहे! महाभारताच्या वनपर्वातला तो प्रसंग आठवला तेव्हापासून मी या संग्रहाला परदेशी म्हणणे सोडून दिले.

थिओडोर स्टर्जन यांची १९५३ मधली कथा कुमारिकेच्या या संकेतालाच हात घालते. जिचे कौमार्य अबाधित आहे पण मन क्रूर आहे तिच्याकडे तो प्राणी जात नाही, जिच्यावर अत्याचार झाला आहे तिच्याकडे जातो. विचार धीट आहे; पण तो अत्याचार करणाऱ्या पुरुषाला कथा फार सहज माफ करते, आणि ते मला पटले नाही. रॉजर झेलाझ्नी यांच्या, विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळालेल्या कथेत युनिकॉर्न माणसाशी बुद्धिबळ खेळतो, ओसाड गावातल्या पडक्या दारूच्या गुत्त्यात. डाव रंगतो, पण त्या जागी एखादा वेताळ बसवला असता तरी फारसे बिघडले नसते.

उरलेल्या बऱ्याच कथांत पहिल्याच पानावर शिंग चमकते, आयाळ चांदण्यात न्हाते आणि सगळे जण श्वास रोखून पाहतात; त्या मी भराभर उलटल्या. आपणही तसेच करावे. सीतेची कथा मात्र शेवटी ठेवावी, कारण ती माझ्या हाती मधेच लागली आणि पुढचे तीन-चार दिवस मला दुसरी कुठलीच गोड लागेना.