रिटायर झाल्यावर पगार खरंच निम्मा होतो का?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते, पंचायत समितीत ज्येष्ठ सहायक आहे आणि येत्या ३१ मेला रिटायर होतेय. नोकरी १९९४ची, त्यामुळे जुनी पेन्शन. बेसिक ६० हजार, हातात साधारण ७३ हजार येतात कारण जीपीएफला (भविष्य निर्वाह निधीला) १२ हजार टाकते आणि पतपेढीचा हप्ता १४ हजार जातो. ऑफिसात सगळे म्हणतात आता पगार निम्मा होणार. मिस्टर एसटीत कंडक्टर होते, त्यांची पेन्शन साडेतीन हजार, म्हणजे घर माझ्यावरच. मुंबईचे दीर म्हणतात वहिनी चाळीस टक्के पेन्शन विकून टाका, बारा लाख एकदम मिळतील. मिस्टर म्हणतात अजिबात विकू नको. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तुमची जन्मतारीख १ जून असणार हे न विचारताच सांगतो. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या तालुक्याला तीच तारीख वाटलीय, म्हणून तर दर ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते. असो.

निम्मा पगार म्हणणारे काय करतात, पगाराचा सगळ्यात वरचा आकडा घेतात आणि तो पेन्शनशेजारी ठेवतात. तसं करून बघू. बेसिक ६०,०००, महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ३३,०००, घरभाडं १० टक्क्यांनी ६,०००, झाले ९९,०००. (भत्ता तुमच्या वेळी वाढलेला असेल तर सगळे आकडे थोडे वर सरकतील.) पेन्शन बेसिकच्या निम्मी म्हणजे ३०,०००, त्यावर तोच ५५ टक्के भत्ता १६,५००, एकूण ४६,५००. म्हणजे ४७ टक्के, निम्म्यालाही कमी! माणूस घाबरणारच. पण ते ९९ हजार तुम्ही कधी खर्चायला घेतलेत? घर तर ७३ हजारांतच चाललंय ना. जीपीएफची कपात आता नाही, व्यवसाय कराचे २०० नाहीत, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे रिटायर होताना मिळणारी एकरकमी रक्कम, हातात आली की पहिल्या आठवड्यात पतपेढी फेडून मोकळं व्हायचं. मग तुलना ७३ हजारांशी करायची, ती येते जवळपास ६४ टक्के. इन्कम टॅक्समुळे फरक पडत नाही कारण नव्या पद्धतीत तुम्हाला पगारावरही तो लागत नव्हता आणि पेन्शनवरही लागणार नाही.

तरी साडेसव्वीस हजारांची खोट उरतेच, ती मी लपवत नाही. पण ७३ मधलं घरात खरं किती लागतं ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं. गाडीभाडं, ऑफिसातल्या वर्गण्या, प्रत्येक लग्नाचं पाकीट हे कमी होईल, आणि गणपतीत मुंबईहून येणारी पंधरा माणसं, पावसाआधी कौलं चाळणं, डॉक्टर हे तसंच राहील, डॉक्टर तर वाढेलच. नोकरीत होतं तसं बिलं टाकून पैसे परत मिळतील हा भरवसा आता धरू नका, मेडिक्लेम अठ्ठावन्नाव्या वर्षी महाग वाटला तरी घ्या. आणि कलमं असतील तर आंब्याचे पैसे या हिशोबात कृपा करून धरू नका, मोहोर दिसला म्हणून पेटी भरत नाही.

आता कम्युटेशन, म्हणजे आपण ज्याला पेन्शन विकणं म्हणतो ते. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो, तुमच्या बाबतीत १२,०००. अठ्ठावन्नला रिटायर होणाऱ्याला सरकारी तक्त्यातला गुणक ८.३७१ लागतो, म्हणजे १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, साधारण १२ लाख ५ हजार, दिरांचा आकडा बरोबर आहे आणि यावर टॅक्सही नाही. बदल्यात महिन्याला १२ हजार पंधरा वर्षं कापले जातात, हातात ३४,५०० येतील. महागाई भत्ता मात्र पूर्ण ३० हजारांवरच मिळत राहतो, तो कापत नाहीत. पंधरा वर्षांचे होतात २१ लाख ६० हजार, म्हणून मिस्टर नको म्हणत असणार. पण हे साडेआठ टक्क्यांच्या किंचित वरच्या कर्जासारखं पडतं, लुबाडणूक नाही. शिवाय मध्येच तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेली रक्कम कोणी मागत नाही आणि मिस्टरांना फॅमिली पेन्शन निदान शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के, १८ हजार अधिक भत्ता, अशी पूर्ण मिळते.

तरी माझं मत विचाराल तर कारण असेल तरच विका. बारा लाख घेऊन पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी टाकलेत तर महिन्याकाठी ८,२०० पडतील, सोडलेले असतील १२,०००. मुद्दल राहतं हे खरं, पण ते कुणाच्या नजरेत राहील हे मी सांगायला नको, मुंबईत फ्लॅट घेणारा एखादा भाचा निघतोच. घराचं मोठं काम असेल, किंवा ग्रॅच्युइटीतून न भागणारं चढ्या व्याजाचं देणं असेल तर तेवढ्यापुरतं विका, पंधरा टक्के, वीस टक्के. चाळीसच विकायची सक्ती नाही हे ऑफिसातले सांगत नाहीत. आज नाही म्हणालात तरी वर्षभरात अर्ज केला तर मेडिकल लागत नाही, तेव्हा ३१ मेच्या गडबडीत सही करायची काही गरज नाही.

ग्रॅच्युइटी आणि जीपीएफमधून जे उरेल ते मात्र त्या ज्येष्ठ नागरिक योजनेत जरूर टाका, रिटायर झालेल्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं पण पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. खरी भर तिथून पडेल.

मिस्टरांचं वाईट वाटतं खरं. उभं आयुष्य घाटात तिकिटं फाडली आणि साडेतीन हजार. त्यांची ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन योजना, तिथे शेवटचा पगार किती होता याला काही अर्थच नाही, ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० आणि नंतर १५,००० हाच पगार धरतात, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. अगदी पस्तीस वर्षं १५ हजारांवर धरली तरी साडेसात हजारच होतात. आणि महागाई भत्ता नाही, म्हणजे तुमची पेन्शन जानेवारी-जुलैच्या भत्त्याबरोबर वाढत जाईल आणि त्यांची साडेतीन हजारच राहील. घरखर्चाच्या हिशोबात ती धरूच नका, त्यांच्या औषधांना आणि चहापाण्याला त्यांच्याच हातात राहू दे.

प्रश्न : मालवणहून लिहितोय. मी २०१० मध्ये पेन्शन विकून रिटायर झालो, पंधरा वर्षं झाली की पूर्ण पेन्शन आपोआप चालू होते का?

उत्तर : काका, व्हायला हवी, पण वाट बघत बसू नका. पंधरा वर्षं रिटायर झालेल्या तारखेपासूनच मोजतील असं नाही, कपात ज्या दिवसापासून लागू झाली तिथून मोजतात आणि रक्कम उशिरा मिळाली असेल तर दोन्हींत काही महिन्यांचा फरक पडतो. पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स जोडून साधा अर्ज कोषागारात द्या, पोच घ्या, आणि पुढच्या महिन्याची स्लिप बघा. कपात जास्त महिने झालेली दिसली तर त्याच अर्जात फरकही मागा.