लॅपटॉप गेला, विंडोजला पासवर्ड होता, म्हणून निश्चिंत राहू नका

तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ची चवथ (गणेश चतुर्थी) डोळ्यांसमोर उभी राहिली. पणजी-साखळी बसमध्ये तुमची लॅपटॉपची बॅग राहिली, ती परत मिळाली नाही, आत ऑफिसचे आणि घरचे कागद आहेत, पण "विंडोजला पासवर्ड होता, म्हणजे बहुतेक काळजी नाही" असं तुम्ही लिहिलंय. शिवाय तुमचे बंधू म्हणतात की एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं माहितीला लावलेलं कुलूप) वगैरे ज्यांना काही लपवायचं असतं त्यांच्यासाठी. ही दोन्ही वाक्यं एके काळी माझ्याच तोंडी होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी संगणकतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. फोंड्यात घरून लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. बँकेला कळवणं, ईमेलचे पासवर्ड बदलणं हे तुम्ही केलं असेलच असं धरते.

त्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली होती आणि चवथ २ सप्टेंबरला आली होती. ३० तारखेच्या संध्याकाळी मी गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेले. लॅपटॉप गाडीच्या मागच्या सीटवर होता, वर ओढणी टाकलेली. सुपारीचा घड आणि चिबूड घेऊन परतले तर काच फुटलेली. आत ६२ माणसांचे पॅन, आधार, पासबुकाची पहिली पानं आणि चार-पाच जणांचे जमिनीचे एक-चौदाचे उतारे होते. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं फोल्डर. ज्याच्या हाती लागलं त्याला शोधाशोधही करावी लागली नसती.

तक्रार द्यायला ज्या कार्यालयात गेले तिथल्या साहेबांनी कंपनी, मॉडेल आणि किंमत लिहून घेतली. मी म्हटलं, आत लोकांची कागदपत्रं आहेत, तेही लिहा. ते म्हणाले, "पासवर्ड होता ना? मग झालं. वस्तू चोरीला गेलीय, माहिती नाही." घरी पाहुणे, दुसऱ्या दिवशी मुदत संपणार. मी सही केली आणि निघाले. ती सही मला सगळ्यांत महाग पडली.

डिसेंबरात माझ्या एका ग्राहकाला कर्जवसुलीचे फोन सुरू झाले. निवृत्त शिक्षक, आयुष्यात कुणाचं देणं ठेवलेलं नाही. त्यांच्या पॅनवर कुणीतरी मोबाइल ॲपवरून कर्ज उचललं होतं. ते माझ्याच लॅपटॉपमधून गेलं हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. पण कर्ज देणाऱ्या कंपनीला हवी होती कागदपत्रं चोरीला गेल्याची नोंद असलेली तक्रार, आणि माझ्या तक्रारीत होता फक्त लॅपटॉप, चार्जर आणि काळी बॅग. ती एक ओळ वाढवून घ्यायला त्याच कार्यालयात पाच खेपा घातल्या. "साहेब रजेवर आहेत." "मूळ बिल आणा." "चार महिन्यांनी कसं आठवलं?" तिकडे सरांना दिवसाला आठ-दहा फोन, तेही शिवीगाळीचे. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं.

पासवर्डने काय होतं ते मला कळलं दुरुस्तीच्या दुकानात. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुन्या घरच्या लॅपटॉपमधले फोटो काढून हवे होते आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. दुकानातल्या मुलाने स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि एका वायरने स्वतःच्या मशीनला जोडली. "परवानगी नाही" अशी खिडकी आली. त्याने "कंटिन्यू" दाबलं, हिरवी पट्टी सरकत गेली आणि आमच्या बारशाचे फोटो समोर. दोन मिनिटंही लागली नाहीत. विंडोजचा पासवर्ड फक्त विंडोजमध्ये शिरताना अडवतो. डिस्कवरचा मजकूर तसाच उघडा पडलेला असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्या मुलाला निरर्थक अक्षरांपलीकडे काही दिसलं नसतं.

म्हणून बंधूंना सांगा, ६२ जणांचे कागद मी लपवत नव्हते, सांभाळत होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने सांगितलंय.

"पण सरकारला तपासासाठी एन्क्रिप्शनची एक किल्ली असू दे की" हेही ऐकते. २०२१च्या आयटी नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधून द्यावं अशी अट आली आणि त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल असं म्हणत व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्या कंपनीबद्दल मला प्रेम नाही, आणि गुन्हेगार पकडले जावेत असं मलाही वाटतं. तरी माझं मत ठाम आहे: एकासाठी ठेवलेलं मागचं दार दुसऱ्यालाही सापडतं. अमेरिकेत २०२४ मध्ये हॅकर टेलिफोन कंपन्यांमध्ये शिरले आणि कायदेशीर टॅपिंगसाठी ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच लोकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा म्हणून सांगितलं.

कुलूप भक्कम असून भागत नाही, किल्लीही तशीच हवी. सगळीकडे वापरतात ती एन्क्रिप्शनची एईएस पद्धत २००१ पासून जगजाहीर आहे, गुपित असते ती फक्त किल्ली. आता ई-आधारची पीडीएफ बघा: पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याच्याकडे तुमचं पॅन आहे त्याच्याकडे दोन्ही आहेत! त्या पासवर्डच्या भरवशावर फाइल कुठेही ठेवू नका. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार (नंबरचे पहिले आठ अंक झाकलेला) द्या.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क एन्क्रिप्ट करण्याचं साधन, लावा. विंडोज होम असेल तर सेटिंगमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" दिसतंय का बघा. नसेल तर तेच काम करणारं व्हेराक्रिप्ट फुकट आहे. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मात्र कागदावर छापून दुसऱ्या घरी ठेवा. माझी डिचोलीला आईच्या कपाटात आहे. लॅपटॉपने ती की मागितली आणि ती हरवलेली असेल, तर तुमचे कागद तुम्हालाही उघडता येणार नाहीत. व्हॉट्सॲपच्या बॅकअपचं एन्क्रिप्शनही वेगळं चालू करावं लागतं, आणि झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर आधार पाठवलात तर तो त्यांच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतो. मी समोर उभी राहून डिलीट करायला लावते, लोक हसले तरी.

तुमच्यापुरतं आधी हे करा. तक्रारीत "लॅपटॉपमध्ये पुढील व्यक्तींची पॅन, आधार व बँकेची कागदपत्रे होती" ही ओळ लिहून घ्या, नकार दिला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ज्यांचे कागद होते त्यांना आजच फोन करा. मी लाजेने तीन आठवडे लावले. क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आता एकदा बघा आणि तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा. पैशाची फसवणूक दिसली तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अर्जाचा मसुदा इथे टाकलात तर वाचून देते. त्यात कुणाचे पॅन-आधारचे नंबर असतील तर टाकण्याआधी खोडा.