वाचक विचारतात : चार देशांची मुलं, एक रस्ता आणि स्टॉपवॉच

वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांनी आठ-दहा दिवस एकत्र राहून शाश्वत वाहतुकीवर काम करायचं, अशा यूथ एक्सचेंजबद्दल या महिन्यात बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा संबंध शिक्षण आणि तरुणांसाठीच्या, युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस अनुदान योजनेशी आहे, म्हणून खालचे नियम आणि रकमाही तिथल्याच आहेत.

प्रश्न : चार देशांतले ३२ जण, आठ दिवस. पहिले तीन दिवस तज्ज्ञांची भाषणं, मग एक दिवस सायकल फेरी, आणि रोज रात्री एकेका देशाची सांस्कृतिक संध्याकाळ असा आमचा आराखडा आहे. यात काय बदलावं?

उत्तर : संख्या आणि दिवस नियमात बसतात. वय १३ ते ३०, गटप्रमुख सोडून १६ ते ६० जण, प्रत्येक देशाचे निदान चार आणि प्रवासाचे दिवस वगळून ५ ते २१ दिवसांचा कार्यक्रम, अशी योजनेची चौकट आहे. भाषणं मात्र तीन दिवसांवरून तासाभरावर आणा, आणि तो तासही चौथ्या दिवसानंतर ठेवा. तोवर मुलांकडे विचारण्यासारखं काहीतरी साठलेलं असेल.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक मोठा कागद द्या आणि घरापासून शाळा, कॉलेज किंवा कामापर्यंतचा रोजचा रस्ता काढायला सांगा. वेळ ४० मिनिटं. कागदावर पाच गोष्टी हव्यात : किती मिनिटं लागतात, कोणतं वाहन, पैसे कोण भरतं, कुठे थांबावं लागतं आणि अंधार पडल्यावर कोणता तुकडा टाळला जातो. हे कागद देशवार लावू नका. वाहनाप्रमाणे लावा : चालणारे एकीकडे, बसवाले दुसरीकडे, गाडीने सोडले जाणारे तिसरीकडे. एका खेड्यातली मुलगी दुसऱ्या देशातल्या खेड्यातल्या मुलाशेजारी येऊन उभी राहते आणि दोघांच्या तक्रारी जुळतात. पाचव्या मुद्द्यावर मुलं आणि मुली यांच्या उत्तरांत फरक दिसला, तर चर्चा तिथेच रेंगाळू द्या. अख्ख्या आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं कदाचित तेच असेल.

या वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘डच लोक सायकल चालवतात, ती त्यांची संस्कृतीच आहे.’ तेव्हा आकडे समोर ठेवा. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यातून पालकांचं आंदोलन उभं राहिलं, पाठोपाठ तेलसंकट आलं. १९७७ मध्ये ग्रोनिंगन शहराने आपला मध्यभाग चार भागांत तोडला. गाडीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईना, सायकलला जाता येई. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये जवळपास हेच केलं. ‘संस्कृती’ म्हणून आपण जे दाखवतो त्यातलं बरंचसं कोणीतरी आखलेलं, भांडून मिळवलेलं असतं, हे या आठवड्यात मुलांना एकदा तरी कळायला हवं.

राहिल्या सांस्कृतिक संध्याकाळी. ओळीने चार रात्री झेंडा, नाच आणि खाऊची टेबलं म्हणजे चार पर्यटन खात्यांच्या जाहिराती. एकच रात्र ठेवा आणि विषय द्या : ‘आमच्याकडे बसमध्ये काय केलेलं चालत नाही.’ छोट्या नाटुकल्या बसवा, पण प्रत्येक संघ मिश्र देशांचा असू द्या.

प्रश्न : आमच्या शिबिरात पादचारी सिग्नलवरून भांडण झालं. रस्ता रिकामा असूनही एका देशाची मुलं लाल दिव्याला थांबून राहिली, दुसऱ्या गटाने सरळ ओलांडला. संध्याकाळपर्यंत ‘यंत्रमानव’ आणि ‘बेशिस्त’ असे शब्द निघाले. गटप्रमुखाने काय करायचं?

उत्तर : असं भांडण आयोजकांनी आखूनही घडत नाही, तेव्हा ते वाया घालवू नका. त्याच रात्री समेट घडवण्याची घाईही नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर तीन रकाने आखा : काय दिसलं, त्याचा अर्थ काय लावला, त्याबद्दल काय वाटलं. पहिल्या रकान्यात फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. ‘बेशिस्तपणे ओलांडला’ हे वाक्य तिथे बसत नाही, ‘लाल असताना सात जण गेले, गाडी नव्हती’ हे बसतं. मुलांना इथेच सर्वांत जास्त वेळ लागतो, लागू द्या. मधल्या रकान्यात एकाच घटनेचे निदान तीन अर्थ मागा. ‘लहान मुलं बघत असतात म्हणून आम्ही थांबतो’ हे कारण बहुतेकदा इथे पहिल्यांदा बाहेर येतं आणि समोरचा गट गप्प होतो.

मग सगळ्यांना त्याच चौकात न्या. चौघाचौघांचे संघ करा, शक्यतो प्रत्येक देशाचा एक. प्रत्येक संघाला टेप, खडू, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि ओलांडून बघायला एक ढकलगाडी किंवा चाकाची जड बॅग द्या. तीन गोष्टी मोजायच्या : बटण दाबल्यापासून किंवा लाल लागल्यापासून हिरवा येईपर्यंतचे सेकंद, हिरव्याचे सेकंद आणि रस्त्याची रुंदी. सिग्नल आखताना चालण्याचा वेग बराच काळ सेकंदाला १.२ मीटर धरला जाई. त्या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता ओलांडायला १० सेकंद लागतात. म्हातारं माणूस ०.८ मीटरने चाललं तर १५. हिरवा १० सेकंदांचा असेल, तर आजोबा नियम पाळूनही रस्त्याच्या मध्यात अडकतात. दुसरं म्हणजे, थांबणं ३० सेकंदांच्या पुढे गेलं की पादचारी लाल तोडू लागतात, हे वाहतूक अभियंते गृहीतच धरतात. मुलांच्या मोजणीत ८०-९० सेकंद निघाले, तर भांडणाचा एक पक्ष अचानक वेगळा दिसू लागतो.

मात्र सगळा दोष सिग्नलवर ढकलू नका. मोजून झाल्यावरही काही फरक उरतोच : नियम हा माणसांमधला करार आहे की सोयीची सूचना, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. त्यावर बोलायला आता जागा तयार झालेली असते. यजमान देशाचा कायदा काय सांगतो आणि दंड होतो का, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका. तो चर्चेचा विषय नव्हे.

प्रश्न : आम्ही सहा मुलं आणि एक गटप्रमुख. रेल्वेने जायचं तर एका बाजूने ११०० किलोमीटर, दोन गाड्या बदलून. विमान स्वस्त पडतं. ‘हिरव्या प्रवासा’चं वाढीव अनुदान खरंच पुरतं का, आणि वाटेत काय बिघडू शकतं?

उत्तर : आधी पैसे. अंतर युरोपीय आयोगाच्या ऑनलाइन मापकाने एका बाजूचं, सरळ रेषेत मोजतात. मिळणारी रक्कम जाऊन-येऊन प्रवासाची असते. योजनेच्या २०२५ च्या नियमपुस्तिकेत (प्रोग्राम गाइड) ५०० ते १९९९ किलोमीटरच्या टप्प्याला साध्या प्रवासासाठी माणशी ३०९ युरो, तर हिरव्या प्रवासासाठी ४१७ युरो होते. सात जणांचे ७५६ युरो जास्त झाले. प्रवासात जादा गेलेल्या दिवसांचाही विचार होतो. अट अशी की प्रवासाचा मुख्य भाग रेल्वे, बस, सायकल किंवा वाटून घेतलेल्या गाडीने व्हायला हवा, आणि प्रत्येकाने तसं सही करून द्यायचं. तिकिटं तरीही जपून ठेवा. तुमचं सरळ अंतर ५०० च्या जवळपास असेल, तर आधी मापकावर तपासा. टप्पा घसरला तर त्याच पुस्तिकेनुसार रक्कम २८५ वर येते.

कर्बाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. ब्रिटिश सरकारच्या उत्सर्जन गुणकांवरून ढोबळ आकडे असे : जवळच्या विमानप्रवासाला माणशी किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम कर्बवायू, रेल्वेला ३५. विमानाचं अंतर ९०० किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन माणशी २७० किलो. रेल्वेचं २२०० किलोमीटरला ७७ किलो. सात जणांमागे साधारण १३५० किलोंचा फरक. पुढचा प्रश्नही त्यांना विचारू द्या : आपल्या मार्गावरची रेल्वे विजेवर चालते की डिझेलवर, आणि ती वीज कुठून येते?

आता बिघाड. पहिला, गाडी बदलण्याची वेळ. ॲप ८ मिनिटांची जोडणी आनंदाने दाखवतं. सात जण, सात बॅगा आणि अनोळखी स्थानक असताना ती धरू नका. ३० ते ४० मिनिटं ठेवा आणि दिवसाची शेवटची गाडी कधीच जोडणीत घेऊ नका. दुसरा, तुकड्या-तुकड्यांनी काढलेली स्वस्त तिकिटं. जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने ६० ते ११९ मिनिटांच्या उशिराला तिकिटाच्या २५ टक्के आणि त्यापुढे ५० टक्के भरपाई मिळते. उशीर तासाच्या वर जाणार असेल, तर पैसे परत किंवा पर्यायी मार्ग यांतून निवडता येतं. पण हे संरक्षण एकसंध, म्हणजे सगळ्या प्रवासाच्या एकाच तिकिटाला. वेगवेगळी तिकिटं असतील, तर पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तरी ती तुमची अडचण. अनपेक्षित, टोकाच्या हवामानासारख्या कारणांना भरपाईतून सूटही आहे. तिसरा बिघाड सर्वांत नेहमीचा : निघण्याच्या आठवड्यात एक जण गळतो आणि तिकिटावर नाव छापलेलं असतं. नावबदल चालतो का, हे खरेदीच्या वेळीच पाहा आणि राखीव मुलगा आधीच ठरवून ठेवा. चौथा, सगळी तिकिटं एकाच फोनवर आणि त्या फोनची बॅटरी संपलेली. दोन फोन आणि एक छापील प्रत.

वाटेतली कामं वाटून द्या : एकाने सगळे आहेत का ते मोजायचं, एकाने फलक बघायचे, एकाने सर्वांत मागे राहायचं. अठराखालच्या मुलांकडे पालकांचं संमतिपत्र आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर हवा.

प्रश्न : सायकल फेरीत पहिल्याच दिवशी तिघं पडली. सगळ्यांनी अर्जात ‘सायकल येते’ लिहिलं होतं.

उत्तर : येत असेलही. फक्त ती सायकल त्यांच्या ओळखीची नव्हती. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी डाव्या. घाईत नेहमीच्या हाताने दाबला की पुढचं चाक जागीच थांबतं. नेदरलँड्समधल्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना तर पेडल उलटं दाबून ब्रेक लागतो. पेडल मागे फिरवून पाय जुळवायची सवय असलेला मुलगा तिथे हमखास अडखळतो. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांतली मुलं वळणावर चुकीकडे पाहतात, तो धोका निराळाच.

म्हणून रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात ४५ मिनिटं. सीटची उंची : टाच पेडलवर ठेवल्यावर खालचा पाय सरळ व्हावा. मग ठरलेल्या रेषेवर थांबणं, एका हाताने वळण दाखवणं, मागे वळून बघताना सरळ जाणं. ज्याला हे जमत नाही त्याला जोडसायकलच्या मागच्या सीटवर किंवा मालवाहू सायकलीत घ्या, घरी बसवू नका. ट्रामचे रूळ ६० अंशांहून जास्त कोनात ओलांडायचे, नाहीतर चाक खाचेत जातं. आठ-दहा जणांमागे पुढे एक आणि मागे एक जाणता स्वार. पुढच्याने ताशी १२-१३ किलोमीटरच्या वेगावर राहायचं. पहिल्या दिवशी १० किलोमीटर पुष्कळ झाले. आणि पंप घेताना व्हॉल्व्ह बघा : प्रेस्टा, श्रेडर आणि डनलॉप असे तीन प्रकार एकाच ताफ्यात निघतात, पंप मात्र सगळ्यांना बसेलच असं नाही.

प्रश्न : दोन देशांची मुलं सगळ्या चर्चा खातात, उरलेल्या दोन देशांची गप्प. इंग्रजी कच्चं आहे म्हणून असेल का?

उत्तर : काही अंशी. पण काही मुलं विचारल्याशिवाय बोलणं उद्धटपणाचं मानतात आणि काहींना थोडा वेळ लागतो. प्रश्नानंतर दोन मिनिटं लिहायला द्या, मग दोघांत बोलणं, मग चौघांत, शेवटी सगळ्यांत. दिवसअखेर २० मिनिटं प्रत्येक गटाला स्वतःच्या भाषेत बसू द्या. त्यातून जे येतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी गटप्रमुखांनी मांडायचं. मोजणीसारख्या हातांच्या कामात गप्प मुलं पुढे येतात, म्हणून चौकातली मोजणी दुसऱ्याच दिवशी ठेवलेली बरी.

प्रश्न : भारतातली आमची संस्था यात भागीदार होऊ शकते का?

उत्तर : या प्रकारात नाही. युरोपीय संघाचे सदस्य देश, योजनेशी जोडलेले देश आणि संघाचे शेजारी एवढ्यांनाच वाव आहे. मात्र पाहिलं जातं ते राहण्याचं ठिकाण. तिथे कायदेशीरपणे राहणारा भारतीय विद्यार्थी स्थानिक संस्थेच्या गटातून जाऊ शकतो. शेंगेन क्षेत्राबाहेर (आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जायचं असेल, तर त्याचा व्हिसा वेगळा लागेल, हे गटप्रमुखाने विसरू नये.

प्रश्न : मोजणीचे निष्कर्ष नगरपालिकेने घ्यावेत म्हणून काय करावं?

उत्तर : तारीख जुळवा. युरोपीय मोबिलिटी वीक, म्हणजे शाश्वत वाहतुकीचा आठवडा, दरवर्षी १६ ते २२ सप्टेंबरला असतो, २२ ला कारमुक्त दिवस. त्या आठवड्यात पालिकेला दाखवायला काहीतरी हवंच असतं. मात्र पार्किंगची एखादी जागा दिवसभर बसायला मागायची असेल, तर परवान्याचा अर्ज दोन-तीन महिने आधी द्या. ५ मीटर लांब, अडीच रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटरमध्ये बारा-पंधरा जण आरामात बसतात. तिथेच मोजणीचा तक्ता लावा. मागण्या तीनच ठेवा आणि प्रत्येकीत जागा, आकडा आणि बदल असू द्या : ‘शाळेसमोरच्या सिग्नलचा हिरवा १० वरून १५ सेकंद करा.’ ‘पादचाऱ्यांसाठी सुविधा वाढवा’ असं लिहिलेला कागद कोणत्या टेबलावर पाठवायचा, हे पालिकेतल्या कारकुनालाही कळत नाही.