आधी चूल बघ, मग पिशवी भर

चि. बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

ऊसतोड कामगारांच्या पालांवर दिलेल्या राजमा-ओट्सच्या पिशव्या तशाच परत आल्या म्हणून तू खट्टू झालास, हे समजले. परंतु त्या लोकांना पौष्टिक अन्नाची किंमत नाही, हा तुझ्या मित्राचा निष्कर्ष तू जवळजवळ मान्य केलास, याचा मात्र मला राग आला. राजमा रात्रभर भिजवावा लागतो, कुकरशिवाय तो लवकर शिजत नाही आणि अर्धाकच्चा पोटात गेला तर पोट बिघडवतो. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्या बाईकडे तीन दगडांची चूल असते आणि जाळायला भुरकन पेटून विझणारे पाचट. त्या जाळावर तू राजमा शिजवून दाखव, मग आपण त्यांच्या आवडीनिवडींविषयी बोलू.

आधी चूल बघ. अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य गटातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, पण त्यात डाळ नसते. गहू-तांदळात लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी आणि डाळीत ते भरपूर, म्हणून तुझ्या पिशवीत पहिली जागा डाळीची. त्यातही लवकर शिजणारी मूगडाळ किंवा मसूरडाळ घे. मटकी दिलीस तरी चालेल, कारण ती भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मोड आपोआप येतात आणि मोडाच्या मटकीला जाळही कमी लागतो. शेंगदाणे खवट नाहीत ना, हे स्वतः चावून पाहा. ज्वारीचे पीठ साठवले की कडवट होते, म्हणून जवळ गिरणी असेल तिथे ज्वारीच दे. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडे तर चूलच नसते; त्यांना फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि केळी. गूळ आपल्या कोल्हापुरात काय कमी आहे?

२०१९ च्या महापुरानंतर पाणी ओसरून लोक घरी परतले तेव्हा सरपण भिजलेले किंवा वाहून गेलेले होते. डाळ-तांदळाबरोबर कोरडे सरपणही द्यावे, असा हट्ट मी धरला, तर आमच्या मंडळींनी मला तिरसट ठरवले. मोळी फोटोत शोभत नाही, हे खरे कारण मात्र कोणीच बोलून दाखवले नाही. त्या वादात दोन जुने मित्र दुरावले. त्याची हळहळ आजही वाटते, पण तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तेवढाच अडून बसेन, कारण न शिजलेली डाळ कोणाच्याही पोटात जात नाही.

तेव्हा नवी यादी करण्यापूर्वी संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी, पालांवर जा. कोणाकडे किती भांडी आहेत, पाणी कुठून आणतात, चूल कोण पेटवते, हे बघून ये आणि मगच मला भेट. येताना त्या मित्रालाही घेऊन ये. त्याचे ते वाक्य मला त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे.